काकांच्या खोकल्याचं विशेषण

चूक सगळी काकांची, हे आधीच सांगतो. मास्टर्स सोडल्यापासून मी टेक्सासमधल्या फ्रिस्कोत त्यांच्या घरी भाड्याने राहत होतो आणि एका मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये आचारी होतो. तिथे माझ्याबरोबर काम करणाऱ्या लूपेचं आवडतं स्पॅनिश विशेषण म्हणजे कोरोनाबीरिको. कोरोनाशी संबंध असलेल्या कशालाही ती ते लावायची. शाळा बंद होत्या ते वर्ष कोरोनाबीरिको, नवऱ्याने लांबूनच मारलेली मिठीही कोरोनाबीरिको. आम्ही हसायचो.

गणपतीच्या सकाळी काका खोकत होते. मी म्हटलं, "काका, टेस्ट करा, लोक येणारेत."

"ॲलर्जी आहे रे. टेक्सासात सगळ्यांनाच असते. मास्टर्स झेपलं नाही आणि मला डॉक्टरकी शिकवतोस?"

आरतीला काका माझ्या कानाशी उभे राहून खणखणीत गायले.

त्याच आठवड्यात मी किचनमध्ये खोकलो. लूपे मागे सरकली. "तोस कोरोनाबीरिका?" म्हणजे कोरोनाचा खोकला का. या वेळी कोणी हसलं नाही. तिने चिमट्यात भाजलेली मिरची धरून लांबूनच पुढे केली. "वास घे."

मी घेतला. डोळ्यांत पाणी आलं, वास आला नाही. पुन्हा घेतला. नाहीच. आचाऱ्याचं नाक गेलं तर उरतं काय, यार?

घरी येऊन टेस्ट केली, पॉझिटिव्ह आली. काकांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "माझीही टेस्ट गणपतीच्या आधीच पॉझिटिव्ह आली होती. पण आधी सांगितलं असतं तर आरतीला आलं असतं का कोणी?"

वास अजून आलेला नाही. नोकरी गेली.