केरबामामाचं ठाणं

ऐका मंडळी! माणसानं आपली जागा कधी सोडावी? बोला की! स्टेशन म्हटलं की काय आठवतं? रेल्वेचं. पोलिसांचं — मागच्या रांगेत हसू नका, तुमच्याकडेच बघतोय! गाणी लावतं ते रेडिओचं. अन् आता तर आभाळातही बांधलंय! हिल स्टेशन सोडा, तिथं आपण हवा खायला जातो. बाकी सगळीकडे कुणीतरी जागेवर बसलेलं असतं, म्हणून आपण निर्धास्त.

तर सावरखेडच्या वीज सबस्टेशनात होता केरबा. आज भाचीचं, इंदूचं लग्न! पोरीला बाप नाही, मामानंच वाढवलेली. मंडप भरला, अंतरपाट धरला — अन् मामाचा पत्ता नाही! इंदू म्हणाली, "मामानं हात धरल्याशिवाय मी बोहल्यावर चढायची नाही!"

नवऱ्या मुलाचे वडील बळवंतराव, रेल्वेचे निवृत्त स्टेशनमास्तर. तापले! फेटा सावरत तडक निघाले अन् सबस्टेशनात जाऊन गरजले, "अहो केरबा! मुहूर्त चाललाय! पाच मिनिटं या की!"

केरबाच्या डोळ्यांत पाणी. "व्याहीबुवा, लाईन बंद करून वायरमन खांबावर चढलाय. बदलीचा माणूस आला नाही. मी उठलो, अन् कुणी चुकून लाईन चालू केली तर? त्याच्या घरीही लेकरं आहेत. तुम्ही म्हणाल ती शिक्षा घेतो — पण उठत नाही!"

मंडळी, बळवंतराव काय म्हणाले असतील? लग्न मोडलं? छे! त्यांनी स्टूल ओढलं अन् बसले! "गाडी पुढच्या स्टेशनात पोचल्याचा निरोप आल्याशिवाय मी कधी जेवणाचा डबा उघडला नाही. तुम्ही माझ्याच जातीचे निघालात, केरबा! मुहूर्त दुसरा काढू."

वायरमन उतरला, बदली आली, लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. अन् केरबानं इंदूचा हात धरून तिला आणलं, तेव्हा बळवंतराव भरमांडवात ओरडले, "बघा रे! ह्या माणसाची पोर माझी सून होतेय!" काय छाती फुगली होती म्हणता! मुलाच्या बापाची!

आता तुमचं सांगा. कीर्तनाला आलात, आनंद आहे. पण घरी अंथरुणावर आई आहे, तिच्या उशाशी कुणाला बसवून आलात? कुणालाच नाही? मग माझ्याकडे काय बघताय? उठा! देव रागावणार नाही — अभंग मी एकटा म्हणतो. जा!