भोपळ्याला काय होतंय?

जनावरांच्या दवाखान्यात मी मांजर घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक भाऊ-बहीण होते, आणि भावाच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला त्यांचा म्हातारा कुत्रा.

“एक इंजेक्शन, ताई. सुटेल बिचारा.”

“कशातून?”

“झालं तुझं सुरू! हे तुझं कॉलेज नाही.”

“साधं विचारतेय. सकाळी खाल्लं त्याने?”

“खाल्लं. वाटी चाटूनपुसून.”

“कण्हतो का?”

“कण्हत नाही. पण चालवत नाही ना त्याला! रोज तीन जिने उचलून न्यायचं, आणायचं, वर घरभर पुसत फिरायचं. माझ्या कंबरेचा पार भुगा झालाय.”

“मग सुटणार कोण?”

“म्हणजे मी खाटीक?”

“असं म्हटलं मी?”

“तत्त्वज्ञान शिकवतेस, म्हणून मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतेस. ये की मग रोज उचलायला!”

“येईन. आणि तू थकलास म्हणून इंजेक्शन द्यायचं असेल, तरी मी अडवणार नाही. फक्त ते त्याच्या नावावर खपवू नकोस.”

“गप्प बस जरा. हा बघ, माझाच हात चाटतोय गाढव.”

तेवढ्यात मदतनीस बाईंनी दारातून हाक मारली.

“भोपळ्या कोणाचा? या आत. काय त्रास होतोय त्याला?”

“त्याला ना... जिने...”

“जिने?”

“नाही, जिन्यांचा त्रास मला होतो. बाई, तुम्ही या मांजरवाल्यांना आधी घ्या. त्याला काय होतंय, ते मी अजून बघितलंच नाही.”