बारा फुटांच्या आत

नवरा : मान डावीकडे. अगं, तुझ्या डावीकडे. हां, आता हलू नकोस.

बायको : श्वास घेतला तर चालेल ना?

नवरा : घे, पण हळू. झालं. आता हा मोठा करून दाखवा हो.

दुकानदार : वायर जोडलेलीच आहे, साहेब. हे बघा स्क्रीनवर. म्हणजे बघा, खास चेहऱ्यासाठीच बनवलेली लेन्स आहे ही. डोळे लख्ख आणि मागचं सगळं विरघळलेलं. मागे आमचं कपाट आहे, पंखा आहे, काही कळतंय का?

नवरा : अरे बापरे.

बायको : काय झालं?

नवरा : केवढं स्पष्ट आलंय! गालावरचे वांग बघ, डोळ्यांखालच्या पिशव्या बघ. ओठावरची लव तर मोजून घ्यावी. तुझ्या तोंडावर एवढं सगळं आहे हे मला तीस वर्षांत कळलं नव्हतं.

बायको : तीस वर्षांत एवढ्या जवळून बघायला वेळ कुठे होता तुम्हाला?

दुकानदार : घ्या साहेब! वहिनींनी पकडलं तुम्हाला.

नवरा : हसू नकोस गं, बटण दाबलं गेलं माझं. फुकट गेला एक. पण काही म्हणा, लेन्सची परीक्षा घ्यायला असाच चेहरा लागतो. गुळगुळीत चेहऱ्यावर काय कळणार?

दुकानदार : आणखी एक घेऊ. वहिनी, स्टूल थोडं उजेडाकडे घ्या. आणि हसा जरा, मघासारखं.

बायको : हसलं की डाव्या बाजूला कळ येते हो.

दुकानदार : दाढ का?

बायको : जबडा. आत गाठ आहे. उद्या सकाळी सातला दवाखान्यात भरती व्हायचंय, परवा ऑपरेशन. डावा जबडा काढणार आहेत.

दुकानदार : काढणार म्हणजे?

बायको : हाडासकट. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, कानापासून हनुवटीपर्यंत. पायाचं हाड घेऊन बसवतील म्हणाले, पण पहिल्यासारखा चेहरा होणार नाही, मनाची तयारी ठेवा. म्हणून तर आलोय तुमच्याकडे. हे आपणहून म्हणाले, त्याआधी तुझा एक झकास फोटो काढू, त्यासाठी चांगली लेन्स घेऊ. मी काल केस कापून आले. हे कानातलेही कपाटातून शोधून काढले.

नवरा : सगळ्या गावाला सांग.

बायको : कशासाठी हवी ते दुकानदाराला कळायला नको?

दुकानदार : मग साहेब, विचार कसला करताय? ही बांधून देतो. सरळ घरी जा, वहिनींना खिडकीशी बसवा, पडदा अर्धा ओढा. म्हणजे बघा, काम फत्ते.

नवरा : घेतो असं म्हणालो नाही अजून. ती वरच्या फळीवरची, लांबडी, ती काढा.

दुकानदार : ती? ती पक्ष्यांची आहे, साहेब.

नवरा : माहीत आहे. लावा.

बायको : ती कशाला आता?

नवरा : बघायला काय जातं?

(नवरा कॅमेरा घेऊन, लांब वायर मागे ओढत, दुकानाच्या दारात जाऊन उभा राहतो. बायको आणि दुकानदार स्क्रीनपाशी.)

नवरा : अहाहा! समोर तारेवर पारवा बसलाय ना, त्याच्या डोळ्याभोवतीचं कडं दिसतंय मला! पायाची नखं मोजू का? मोजू का नखं?

बायको : मोजा, मोजा. त्यांचा जीव तिकडेच अडकलाय हो. गेल्या महिन्यात यांच्या फोटो क्लबात अध्यक्षांनी यांचा बगळा पडद्यावर लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, यातला बगळा जो शोधून दाखवेल त्याला माझ्यातर्फे चहा. दोन दिवस धड जेवले नाहीत हे.

नवरा : ऐकू येतंय मला!

दुकानदार : वहिनी, तुम्ही इकडे बघा. हा मघाचा, तुम्ही हसलात तेव्हा साहेबांच्या हातून चुकून निघालेला.

बायको : अगोबाई. ही मी?

दुकानदार : दुसरं कोण आहे इथे?

बायको : मला वाटत होतं मी अशी दिसायची बंदच झाले. अहो, इकडे या! हा बघा ना. झालं की आपलं काम! हाच ठेवायचा.

नवरा : कुठला? तो? अगं, तो चुकून आलाय. कपाळ पांढरंफटक पडलंय, कोपऱ्यात यांचं कोपर घुसलंय.

बायको : मला चालेल कोपर.

नवरा : तुला चालेल. उद्या कुणी विचारलं, हा कुणी काढला, तर नाव माझं सांगणार ना? असला फोटो माझ्या भिंतीवर लागणार नाही. ऐका हो, ही लांबडीच देऊन टाका. जुनी लेन्स बदल्यात घेता ना?

दुकानदार : घेतो, पण एकीच्या बदल्यात एकच. साहेब, वहिनींचा फोटो...

नवरा : एकच घ्यायचीय मला.

बायको : मग चेहऱ्याची घ्या. पक्ष्यांची पुढच्या वर्षी घेऊ.

नवरा : तळ्यावर परदेशी बदकं उतरलीत. आठ दिवसांत उडून जातील.

बायको : माझा चेहरा परवाच जाणार आहे.

नवरा : झालं सुरू. दुकानात तमाशा नको.

बायको : तमाशा नाही करत. ऐकून घ्या. मला भीती वाटते हो. परवानंतर आरशात कोण दिसेल, ते मला ठाऊक नाही. मला एक फोटो हवाय, ज्यात मी मी आहे. लेकीने मोबाईलवर काढलेले ढीगभर आहेत, ते नकोत मला. तुम्ही काढलेला हवाय. त्या बगळ्यासाठी तुम्ही चार तास चिखलात पालथे पडलात, मी मागे छत्री धरून उभी होते. माझ्यासाठी अर्धा तास द्या. आत्ता घरी गेल्यावर. बाकी काही मागत नाही.

नवरा : स्पष्ट बोलू? रागावणार नसशील तर बोलतो.

बायको : बोला.

नवरा : समज, ही चेहऱ्याची घेतली. आज तुझा एक फोटो काढला. परवापासून मी तिचं करायचं काय? घरात चेहरा कुणाचा काढू?

दुकानदार : साहेब!

नवरा : का? खोटं बोलतोय का मी? लेन्स म्हणजे एका दिवसाची वस्तू नाही. पंधरा-पंधरा वर्षं वापरायची असते. तुम्हीच सांगा, दुकानदार आहात ना तुम्ही?

दुकानदार : म्हणजे बघा... टिकते ती खरी.

बायको : तुम्हीपण?

दुकानदार : वहिनी, मी काय बोलू? गिऱ्हाईक म्हणेल ती द्यायची, एवढंच आमच्या हातात. ही लांबडी दोन वर्षं पडून आहे माझ्याकडे.

बायको : नाही, नाही. तुमचं बरोबर आहे. दोघांचंही.

नवरा : बघ, पटलं की नाही? आणि एवढीच हौस असेल तर हिनेच काढू तुझा.

दुकानदार : तेवढं मात्र सांगायला हवं, साहेब. बारा फुटांच्या आत ही काही पकडत नाही. सगळं धुरकट येतं. तुमची खोली केवढी आहे?

बायको : दहा फूट. हे या भिंतीला टेकले आणि मी त्या भिंतीला, तरी दहाच.

नवरा : दवाखान्याचा कॉरिडॉर असतो की चांगला लांब. उद्या सकाळी बघू, तुझे कागद होईपर्यंत.

बायको : कॉरिडॉरमध्ये? माणसं जात-येत असताना?

नवरा : मग आज कसं जमणार? सहाला क्लबात दाखवायचीय ही. अध्यक्षांना फोन करून झालाय माझा.

बायको : कधी केलात फोन?

नवरा : सकाळी.

बायको : सकाळी. मी कानातले घालत होते तेव्हा.

दुकानदार : साहेब, असं करा, जुनी लेन्स आज घरी न्या. वहिनींचा फोटो काढा आणि चार दिवसांनी आणून द्या. माझी काही हरकत नाही.

नवरा : उद्यापासून मी दवाखान्यात अडकलेला, परत कोण येणार? आणि त्या जुनीने काय दिवे लावलेत आजवर? ही घ्या, ठेवा तुमच्याकडे. व्यवहार आजचा आज झालेला बरा.

दुकानदार : बरं. बांधतो. वहिनींचे हे आत्ताचे फोटो तरी उतरवून देतो, थांबा. पेनड्राइव्ह माझाच न्या.

नवरा : काही गरज नाही. दुकानातले ट्रायलचे फोटो मी घरी नेत नाही, माझा नियम आहे तो. क्लबात कार्ड लावलं की अध्यक्ष नेमका भिकार फोटोच आधी उघडतो. काढा ती वायर. हे बघा, पुसलेसुद्धा.

बायको : तोही?

नवरा : सगळेच. संध्याकाळी कार्ड रिकामं हवं मला.

बायको : अहो, तो एक तरी विचारून पुसायचात.

नवरा : अगं, चुकून आलेला तो! एखादा चांगला गेला असता तर मलाही वाईट वाटलं असतं.

दुकानदार : वहिनी, पाणी आणू का?

बायको : नको. प्यायला त्रास होतो. घरी गेल्यावर हळूहळू पिते.

नवरा : पिशवी दोन हातांनी धर गं, जड आहे. चल. आणि असं तोंड पाडू नकोस. बरी होऊन घरी आलीस की गच्चीवर निवांत काढू. तू पाण्याच्या टाकीपाशी उभी राहा, मी जिन्याच्या दारात. मस्त उजेड असतो तिथे सकाळी.

बायको : तेव्हा लांबूनच काढा.

नवरा : तेच तर सांगतोय मघापासून. हिच्यात लांबूनच चांगलं येतं.