झोपलेल्या राक्षसाला ताण

अमरावतीतल्या दातांच्या दवाखान्यात संघपाल सुजलेला गाल धरून बसला होता. शेजारी वरूडचे बहीणभाऊ मोबाईलवर पत्त्यांच्या गेममध्ये गुंतलेले.

"खुशी, हे नवीन कार्ड काहून घेतलं? हा राक्षस दोन बाऱ्या नुसता झोपते, अन् आपल्यालेही काई खेळू देत नाई."

"अन् तिसऱ्या बारीले?"

"हातातले सगळे कार्ड फुकटात खेळता येते. पण तोवर जित्ते राहू का आपण? सगळे म्हणून राहिले, भंगार कार्ड आहे."

"त्यायच्या घरी संत्र्याचा बगीचा नसन, दादा. बहाराआधी बाबा झाडाले ताण देतात, पाणी तोडतात नं? वाटते झाड मेलं. मंग पाणी सोडलं का फांदीफांदीले फूल."

"झाड अन् मोबाईल एक आहे का? पाय, समोरचा मारून राहिला. चारच जीव राहिले आपले."

"मारू दे. ताण बसू दे."

"आता एकच राहिला, खुशी."

"संघपाल वानखडे, आत या," काउंटरवरच्या मॅडमनी हाक मारली.

"मॅडम, दुसऱ्याले पाठवा," संघपाल गाल न सोडता म्हणाला. "इथं राक्षस उठून राहिला."

"उठला. टाक, खुशी, सगळे टाक."

"टाकले. पाय, समोरचा गेम सोडून पळाला."

"काका, तुमचा नंबर गेला नं."

"जाऊ दे, बाई. दुसरा डाव लाव."