कडी काढायला वेळ किती लागतो?

नाही, पण मला एक सांगा, कडी काढायला वेळ किती लागतो? हात वर करायचा, कडी खाली ओढायची, दार उघडायचं, झालं! लहान पोर काढतं हो! आणि हा एवढा बाप्या माणूस, दातांच्या डॉक्टरचा बाप, दाराशी येतो, कडीवर हात ठेवतो, बाहेर तो पोस्टमन बिचारा घंटी वाजवून उभा, आत डॉक्टर रडवेला, आता उघडेल, मग उघडेल... आणि पडदा काळा! समाप्त! खालून नावं वर सरकायला लागली! कपडे सांभाळणाऱ्याचं नाव, केस विंचरणाऱ्याचं नाव, त्यांच्या ड्रायव्हरचं नाव... अरे, नावं कसली दाखवता, दार दाखवा!

तुम्हाला सांगतो... हात सैल सोडा वकीलसाहेब, आणि पोट आत ओढू नका, आहे तेवढं असू द्या, कोट पोटावरच घालायचाय... तुम्हाला सांगतो, मी मालिका बघणारा माणूस नाही. दुकान बंद असलं तरी रविवारी मी इथेच सुईदोरा घेऊन बसतो, ही माझी जन्माची खोड. तर आमच्या हिने काय केलं, मागच्या खोलीतला टीव्ही उचलून इथे आणला, कापडाच्या कपाटावर ठेवला आणि म्हणाली, "मी काय एकटीनेच मागे बसून भिंतीशी बोलू?" आणि लावली मालिका. एक दातांचा डॉक्टर, एक पोस्टमन. दोघं पुरुष. आणि दोघं एकमेकांच्या प्रेमात. म्हटलं, चालू दे तुझं, माझ्या कामाच्या मध्ये येऊ नकोस. सहज मान वर केली तर काय, त्या डॉक्टरचा कोट! अहो, खांदे असे वर आलेले, घालताना हँगर काढायचाच विसरला की काय! एवढे पैसे ओततात मालिकेत, यांना एक शिंपी मिळू नये? तर त्या कोटाला शिव्या द्यायला म्हणून मी पुढचा भाग बघितला. त्याच्या पुढचा, बाहीला शिव्या द्यायला. आणि मग एका भागात डॉक्टरच्या कोटाचं बटण तुटतं, आणि तो पोस्टमन स्वतः सुई घेऊन ते लावून देतो. काळ्या कोटाला निळा दोरा! गाठ कशी मारलीय तर बैल बांधल्यासारखी! आणि मी हातातलं काम बाजूला ठेवून नुसता बघत बसलो हो. ही म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, दोरा चुकलाय."

शेजारचा चष्मेवाला एकदा डोकावला. "मास्तर, या वयात हे असलं बघता?" म्हटलं, "मी कोट बघतो." म्हणाला, "बघू, मीपण जरा कोट बघतो," आणि स्टूल ओढून जो बसला, तो रोज विचारायचा, डॉक्टरचा बाप मानेल का? मी म्हणायचो, मानेल. मानायलाच पाहिजे. दाराशी आलेल्या माणसाला कडी काढायला वेळ किती लागतो?

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, एका मालिकेवरून एवढं काय पेटायचं? तर घोडं कुठे पेंड खातंय ते ऐका. मला एकच मुलगा. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नोकरी, तिथेच खोली, आणि खोलीत एक रूममेट. दर रविवारी पोरगा जेवायला येतो आणि येताना पिशवीत रूममेटची पँट घेऊन येतो. "बाबा, जरा लांब करून द्या." कारण तो रूममेट म्हणजे विजेचा खांब! कुठलीच तयार पँट त्याला पुरत नाही, म्हणून मी त्याचं नाव ठेवलं लांब्या. बरं, मी पाय उसवायला घेतला की आमचे चिरंजीव डोक्यावर उभे! "बाबा, डाव्या पायाला गुडघ्यात जरा सैल ठेवा, तिथे त्याला लागलं होतं. थंडीत दुखतो त्याचा." अहो, रूममेटच्या डाव्या गुडघ्याची एवढी काळजी कोण करतं? माझे दोन्ही गुडघे गेली कित्येक वर्षं बोंबलतायत, त्यांना कधी विचारलंस का रे?

मापावरून माणूस कळतो मला, पण हे मात्र हिला माझ्या आधी कळलं होतं. हिने एका रविवारी खिडकीचा पडदा बाजूला केला. समोर, रस्त्यापलीकडे, एक छोटी गाडी. आत लांब्या, गुडघे पार स्टिअरिंगला टेकलेले, पाव खात बसलाय. पोरगा इथे माझ्यासमोर गरम गरम जेवतोय आणि तो तिथे कोरडा पाव! दर रविवारी सोडायला यायचा आणि न्यायला थांबायचा. आत मात्र कधी आला नाही. "त्याला घाई असते, बाबा." घाई? तीन तास गाडीत बसून राहायची घाई?

ही म्हणाली, "त्याला सांगा ना, आपल्याला कळलंय म्हणून." म्हटलं, "तू सांग." "तुम्ही सांगा. तो तुम्हाला घाबरतो." मला? अहो, मी हिला घाबरतो, चष्मेवाल्याच्या मांजराला घाबरतो, मला कोण घाबरणार? पण घाबरत होता हो. माझं पोरगं मला घाबरत होतं आणि मी त्याला. चुकीचा शब्द गेला आणि उठूनच गेला तर? जेवताना अर्धं लक्ष ताटात, अर्धं खिडकीत. दर रविवारी माझ्या घरी माझा निम्माच मुलगा यायचा, आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं. त्यात मागच्या महिन्यात म्हणाला, बदली होतेय, लांबच्या शहरात. हिने अगदी सहज विचारलं, "आणि रूममेटची?" तर, "हो... म्हणजे... त्याचीपण... बघू." झालं! हा असाच न सांगता गेला, तर उरलेला निम्मासुद्धा हातचा जाणार, मग काय, फोनवर हवापाणी विचारायचं आणि ठेवायचं.

तर असा तो शेवटच्या भागाचा रविवार. चष्मेवाला नेमका बायकोच्या माहेरी. दुकानाला आतून कडी. ही त्या बाकावर, पोरगा तिथे, आणि मी या इथे, मांडीवर लांब्याची पँट. मशीनची टीप नको, बाहेरून दिसते, म्हणून हाताने शिवत होतो. एक डोळा सुईवर, एक पडद्यावर, आणि तिसरा असता तर तो पोरावर. कारण पोरगा असा बसला होता, जसा दातांच्या डॉक्टरकडे बसावा! डॉक्टर पडद्यावर आणि घाम याला!

आणि मग ते सगळं झालं. घंटी वाजली, बाप उठला, आला, कडीवर हात ठेवला... माझी सुई सपासप चाललेली... आणि पडदा काळा! मी ओरडलो हो! राहवेचना! "अरे काढ की कडी! बाप आहेस की कुलूप आहेस? पोराचं माणूस दारात उभं आहे आणि तू कडी धरून कसला विचार करतोस? तुझं पोरगं तुला नकोय का? आत घे त्याला! जेवायला वाढ!" आणखी काय काय बोललो देव जाणे.

टीव्हीवर त्या ड्रायव्हरचं नाव चाललेलं. आणि पोरगा, मान खाली, अगदी बारीक आवाजात... "बाबा, तुम्ही काढली असती?"

"म्हणजे काय! वेळ किती लागतो?"

"मग तो बाहेर उभा आहे. गाडीशी."

तुम्हाला सांगतो, इतके दिवस ज्याची वाट बघत होतो ते पोराने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मी म्हटलं, "बोलव त्याला." त्याने फोनवर बोट फिरवलं, मी ताडकन उठलो... आणि माझ्याबरोबर पँटपण उठली! मी चालतोय तर ती चालतेय! ही ओरडली, "अहो, पँट!" खाली बघतो तर काय, त्या शेवटच्या भागाच्या नादात मी लांब्याची पँट माझ्या पँटला शिवून टाकली होती! मांडीवर! आणि असे बारीक, असे घट्ट टाके, की आयुष्यात इतकं सुबक काम केलं नव्हतं. आता उसवत बसायला वेळ कुठला? तसाच गेलो, मांडीवरून दोन रिकामे पाय लोंबतायत.

दाराच्या काचेतून दिसलं, लांब्या पायरीवर उभा. हात पुसतोय, केस सारखे करतोय. मी हात वर केला, कडी धरली, ओढली... आणि कडी निघेना! अहो, मागच्याच आठवड्यात मी दाराला रंग दिला होता. दाराला, चौकटीला, उत्साहाच्या भरात कडीलासुद्धा! पार चिकटून बसली होती. रंग ओला म्हणून गिऱ्हाइकांचीसुद्धा मागच्या दाराने ये-जा होती, कुणाच्या लक्षात येणार? मी ओढतोय, ती हलत नाही. कपाळावर घाम. आणि बाहेरून त्याला काय दिसत असेल? पोराचा बाप, डोळे वटारलेला, दात-ओठ खातोय, कडीवर हात, आणि दार बंदच! त्याला वाटलं, हा आणखी घट्ट लावतोय. त्याचा चेहरा पडला. मान हलवली त्याने, समजूतदारपणे, आणि वळला. पायरी उतरला!

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय! पाच मिनिटांपूर्वी ज्या बापाला शिव्या घातल्या, तोच बाप मी झालो होतो. अहो, मी बोंबललो! सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा! "ए लांब्या! जाऊ नकोस रे! कडी अडकलीय! मी उघडतोय! तू आमचाच आहेस, थांब!" समोरच्या माडीवरच्या आजीबाई सज्जात आल्या. पोरगा धावत आला, तो कडीला लोंबकळला, मी त्याला धरून ओढतोय, आणि ही? हिने शांतपणे माझी मोठी कात्री उलटी धरून कडीवर एक ठोका घातला. खट्! दार उघडलं.

समोर लांब्या. डोळे भरलेले. आता बोलायची वेळ माझी. सगळे भाग बघितले होते मी, मनात भाषण तयार होतं, पोरा, हे घर तुझंच आहे वगैरे. तोंडातून काय निघालं? "पँट तयार आहे. घालून बघ."

तो म्हणाला, "काका... ती तुम्हाला शिवलीय."

मग जे हसलो आम्ही! पोरगा हसता हसता रडायला लागला आणि रडता रडता माझ्या गळ्यात पडला. लहानपणी पडायचा तसा, पूर्ण, अख्खाच्या अख्खा. लांब्याचं आत येताना चौकटीला डोकं आपटलं ते वेगळंच. हिने त्याच्या कपाळाला बर्फ लावला, पुढ्यात ताट ठेवलं, आणि त्याने तोंडात पहिला घास घेऊन काय विचारावं? "काकू, गाडीत फोनवर मालिका अर्धीच बघितली, शेवटी दार उघडलं का हो त्या डॉक्टरच्या बाबांनी?" मी म्हटलं, "उघडलं असणार रे. कडीला रंग लागला असेल त्यांच्या."

बदली व्हायची ती होईलच. पण जायच्या आधीचे सगळे रविवार दोघं येतात, आणि पुढे सुट्टीला येणार म्हणून हिने आत्ताच अंथरुणं काढून ठेवलीत. सगळं छान आहे. फक्त एक झालंय. त्या दिवशी सगळं लक्ष पडद्यावर, तर मी पँटचा पाय खाली सोडायच्या ऐवजी आणखी वर दुमडला होता! लांब करायला दिलेली पँट चांगली चार बोटं आखूड! मी म्हटलं, "दे, उसवतो." तर म्हणाला, "नको काका, मला आवडली," आणि आता दर रविवारी तीच घालून गल्लीतून येतो, घोटे उघडे टाकून! चष्मेवाला विचारतो, "मास्तर, ही तुम्ही शिवली?" सगळी अब्रू गेली हो! दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर अंगावरून काढून घेऊन नीट करून दिली असती. पण घरच्या माणसापुढे कधी कुणाचं चाललंय का... वळा वकीलसाहेब, पाठीचं माप राहिलंय.