सगळे पांढरे करा

डोक्याला काळा रंग थापून बसलेल्या बाईंचे कान शेजारच्या खुर्चीकडे लागले. तिथली मुलगी जेमतेम पस्तिशीची होती.

"सगळे पांढरे करा."

"अगं, लोक पांढरे लपवायला येतात माझ्याकडे," पार्लरवाली म्हणाली.

"माझ्या मावशीचे पांढरे होते. आई तिच्याच हातून जेवायची, बाकी कुणाला ओळखत नाही. मावशी जाऊन चार दिवस झाले, आईच्या पोटात घास नाही."

"आधी काळा रंग उडवावा लागेल. केसांची पार वाट लागेल."

"लागू दे. चष्मा मावशीचा घातला, बोलले तिच्यासारखी. केसांवर अडतंय."

"आणि लेक कुठाय म्हणून विचारलं तर?"

"दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही."