फारुखबाबांची कॅसेट

आदरणीय अध्यक्ष जयेशजी, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांचे जमालुद्दीन चाचा, पहिल्या रांगेत बसलेल्या रुकय्या चाची, मंडळातल्या भगिनी आणि बंधू, आणि मागे मोबाईलमध्ये मान घालून बसलेली आमची मुलं, तुम्हा सर्वांना शेवंती तुकाराम घाणेकर हिचा नमस्कार.

आपल्या सचिव कस्तुरीताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. "मावशी, चाचांबद्दल दोन चांगले शब्द बोला, पण हलकंफुलकं ठेवा हं," असं बजावलंय. चांगले शब्द माझ्या आधीच्या वक्त्यांनी संपवले. आणि मी मॅट्रिक झालेली घरातली बाई, जवळजवळ पन्नास वर्षं वर्तमानपत्रात घालवलेल्या माणसापुढे शब्दांची काय मिजास दाखवणार? मी उभी आहे ती एक कबुली द्यायला. शुक्रवारी चाचा-चाची कायमचे रत्नागिरीला निघालेत. पुढच्या महिन्यात चाचांचं पुस्तक छापायला जाणार. म्हणजे माझ्या हातात आजचाच दिवस उरलाय.

नव्या लोकांसाठी थोडं सांगते. चाचा इथे आखातात येऊन मनामा शहरातल्या एका वर्तमानपत्रात प्रूफं तपासायला लागले, तेव्हा तेलाची तेजी नुकती आली होती. रोज नवी इमारत, रोज नवा रस्ता. चाचा मात्र सुट्टीच्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्या माणसांना शोधत फिरायचे. तेल लागलं तेव्हा इथे काय होतं? गोठे कुठे होते, जनावरं कोण राखायचं, वस्ती कशी उठली? सगळं कॅसेटवर भरून ठेवायचे.

मी लग्न होऊन आले ती त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत. हे ड्युटीला गेले की दिवसभर मी आणि चार भिंती. चाचींनी ते ओळखलं. एक दिवस पुठ्ठ्याचा खोका घेऊन वर आल्या. "घे, ह्यांचे म्हातारे. आपल्याकडची बोली तरी कानावर पडेल. मला माझा एकच म्हातारा पुरे आहे." चाचा तेव्हा चाळिशीचेसुद्धा नव्हते, बरं का!

त्या खोक्यात फारुखबाबा नावाच्या म्हाताऱ्या गवळ्याची कॅसेट होती. दुपारी तांदूळ निवडताना मी ती लावायची. परातीत तांदूळ, खिडकीत पांढरं ऊन आणि खोलीभर तो संथ आवाज. वर्षभर रोज ऐकली असेल. कधी कधी वाटायचं, खिडकी उघडली तर खाली गायीच दिसतील.

आता मुलांना खोटं वाटेल, पण तेव्हा आमची पत्रंसुद्धा कॅसेटवर यायची. गावाहून सासूबाई बोलून पाठवायच्या. आपण ऐकायचं, त्याच कॅसेटवर उत्तर भरायचं आणि कुणी गावी निघालं की त्याच्या हाती द्यायचं. एकच कॅसेट सहा-सहा वेळा जायची-यायची. त्या वर्षी आमच्या खोलीत पहिला गणपती बसला. म्हटलं, सासूबाईंना आपलं भजन ऐकवूया. दोन कॅसेटी शेजारी पडल्या होत्या, सारख्याच काळ्या. चाचांनी नाव लिहिलं होतं ते डबीवर, कॅसेटवर नाही. आधी वाजवून बघायला हवं होतं. पण सेल उतरतील म्हणून मी तसंच बटण दाबलं. दोन्ही बाजू भरून भजन झालं आणि कॅसेट दुसऱ्या दिवशी गुहागरला रवाना.

आठवड्याने तांदूळ घेऊन बसले, फारुखबाबा म्हणून लावली, तर आतून सासूबाई: "शेवंते, ताप उतारला काय गो तुझा?"

मंडळी, माझा ताप तेव्हा चढला.

मी खोका चाचींना परत केला, एक डबी कमी करून. चाचांना वाटलं, ऑफिसात राहिली असेल. फारुखबाबा तोवर वारले होते. आणि चाची इतकी वर्षं चाचांना बोलतायत, "एवढा मोठा पत्रकार, एक कॅसेट सांभाळता येईना!" दर ईदला शीरखुर्मा खाता खाता मी ते ऐकलं आणि वाटी खाली ठेवली नाही. देवापुढे रोज कबुली देत होते. पण देवाला सांगणं सोपं, तो उलट विचारत नाही.

गेल्या महिन्यात चाचांनी पुस्तकाचं बाड आमच्या ह्यांना वाचायला दिलं. त्यात फारुखबाबांचं पान कोरं आहे. खाली एकच ओळ: "माझ्या निष्काळजीपणामुळे हा आवाज हरवला." ती ओळ वाचल्यापासून मला घास गोड लागत नाही. चाचा, तो आवाज तुम्ही नाही हरवलात. मी पुसला.

आवाज तर मी परत देऊ शकत नाही. कानात जे उरलंय ते सांगते.

फारुखबाबा दाभोळचे, तेव्हा विशीतले. इथे डोंगराजवळ तेल लागलं, साहेबांची पत्र्याची वस्ती उठली. त्यांना दूध हवं, म्हणून बाबा आठ गायी घेऊन गलबतातून निघाले. धक्का दूर होता, म्हणून गायी पाण्यातच उतरवल्या. बाबा म्हणायचे, "पानी गुडघाभर, नि इतकं चोख, की गायींना सोताचे खूर दिसत व्हते. त्या हालतच ना. खालीच बघत ऱ्हायल्या." मग रिफा गावाच्या बाजूला चालत. वाटेत गायी थबकायच्या आणि नसलेल्या गवताचा वास घ्यायच्या. झावळ्यांचा गोठा बांधला. पण तेलाच्या विहिरीवर वायू जळायचा, त्याचा उजेड आभाळभर. सूर्य बुडाला तरी संध्याकाळ सरेना. गायी बसेनात, रवंथ करेनात, दूध आटलं. तेव्हा बाबांनी गोणपाटं जोडून गोठ्याला पडदे केले. "गायींसाठी गोणपाटाची रात शिवली मी," असं म्हणायचे.

मग चहावाला आला. मग शिंपी, मग न्हावी. एक दिवस बघतात तर गोठा बाजाराच्या मधोमध. "मी जाग्यावरना हाललो नाय. गावच चालत आलं नि माझ्याभवती बसलं." आज तिथे मॉलचं पार्किंग आहे. हे गाडी लावतात आणि मी दार जपून उघडते, कुणी गाय आडवी बसली असेल तर...

काय चाचा? थांबा, माईक द्या त्यांना. बरं, राहू दे, मीच सांगते, मागे ऐकू गेलं नसेल. चाचा म्हणतायत, "आठ नाही, शेवंती. सात उतरल्या. आठवी वाटेत गेली. ते सांगताना बाबा बराच वेळ गप्प झाले होते."

हो! झाले होते. मागे नळ टपटपत होता.

म्हणजे तुम्हाला सगळं आठवतंय? मग पान कोरं का ठेवलंत?

चाचा म्हणतायत, "एकट्याच्या आठवणीवर मी आयुष्यात ओळ छापली नाही. आता आपण दोघं झालो."

आणि चाची काय म्हणतायत ऐका: "आणि मी ह्यांना बोलले ते? ते कोण परत घेणार?" चाची, आता रोज मला फोन करा आणि तेवढंच मला बोला. मी ऐकून घेईन.

चाचा, छापा. साक्षीला माझं नाव घाला. ती निष्काळजीपणाची ओळही राहू द्या, फक्त "माझ्या" खोडून तिथे "शेवंती घाणेकर हिच्या" असं लिहा. प्रूफ मी स्वतः तपासेन.

कस्तुरीताई, पाच मिनिटं केव्हाच उलटली. तुम्ही घंटा वाजवली नाहीत, त्याबद्दल तुमचे आणि अध्यक्षांचे आभार. तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, तुमचेही आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते तुम्ही पोटात घाला. त्या कॅसेटची माफी मात्र मी चाचांकडेच मागते, आणि ते काय म्हणतात ते ऐकायला आता त्यांच्या शेजारी जाऊन बसते.

नमस्कार.